राणीच्या पिंडाला कावळा शिवेना

एका राज्यात एक नदी होती, नदीला काळ्या दगडाचा घाट होता, आणि त्या घाटावरचे कावळे बायकांच्या पिंडाला शिवत नसत.

पुरुष गेला की भाताचा गोळा ठेवायचा अवकाश, कावळा झेपावत यायचा, चोच मारायचा आणि जीव सुटायचा. बाई गेली की तेच कावळे पिंपळावर बसून राहायचे. मान वाकडी करून भाताकडे बघायचे, पण उतरायचे नाहीत. मग अमावास्येचा सूर्य मावळला की त्या बाईचा अडकलेला जीव पायऱ्यांखाली धोंडा होऊन बसायचा. घाटाच्या दोन्ही अंगांना असे धोंडे पसरले होते. त्यांना लागून वाहणारं पाणी कडू झालं होतं, आणि राज्यातल्या प्रत्येक घरात त्या कडू पाण्यातच भात शिजत होता.

वडीलधाऱ्यांनी यावर विचार केला होता. विचार करायला ते कधी कमी पडत नसत. बाईचा जीव कशात तरी अडकतो, तिची काहीतरी इच्छा मागे राहते, म्हणून कावळा शिवत नाही, असं त्यांचं ठरलं. मग त्यांनी घराघरांतले झोपाळे काढायला लावले. कावळे शिवले नाहीत. मग बायकांच्या पानात दुसऱ्यांदा वाढणं बंद झालं. कावळे शिवले नाहीत. मग रस्त्यावर उघडणाऱ्या माजघराच्या खिडक्या चिणून टाकल्या. तरीही कावळे पिंपळावरच.

शेवटी त्यांनी शून्यसिद्ध नावाचा मांत्रिक आणला. त्याची विद्या अशी, की त्याच्यासमोर बसून मनातली इच्छा बोलून दाखवली की ती मनातून कायमची निघून जाई आणि तिचा खडा होऊन जमिनीवर पडे. तेव्हापासून कायदा झाला. लग्नाआधी प्रत्येक मुलीनं राजाच्या भांडारात जायचं, सिद्धापुढे बसून तीन इच्छा बोलायच्या आणि रिकाम्या मनानं मांडवात यायचं. खडे भांडारात राहात. हिरवे, निळे, डाळिंबी. राज्य त्यांच्यावर श्रीमंत झालं. सिद्धाला न विचारता कुणी खडा घेऊन भांडाराचा उंबरा ओलांडला तर तो जागीच दगड होईल, असा शाप सिद्धानं घालून ठेवला होता.

अशा त्या राज्याची राणी गेली.

राजाचं नाव हिरण्यसेन, राणीचं राजसलक्ष्मी. त्यांची एकुलती एक मुलगी कृत्तिका. कृत्तिकेला लहानपणापासून समुद्र बघायचा होता. तो तिनं कधी पाहिला नव्हता. मिठाच्या व्यापाऱ्यांकडून ऐकला होता. ती आईला म्हणायची, "आईसाहेब, मी मोठी झाले की समुद्रावर जाणार." राणी कधी हो म्हणायची नाही आणि नाहीही म्हणायची नाही. एकदाच तिनं विचारलं होतं, "तिथे टिटव्या असतात का गं?" आणि मग आपण हे का विचारलं ते न आठवून हातातल्या सुपानं तांदूळ पाखडत बसली होती.

दहाव्या दिवशी घाटावर पिंड ठेवला. राणीचा जीव शेवटच्या पायरीवर उभा होता, धुरासारखा. तो सगळ्यांना दिसत होता आणि सगळे दुसरीकडे बघत होते.

राजगुरू म्हणाले, "राजकन्ये, स्त्रियांनी घाटावर थांबू नये."

"माझी आई थांबलीच आहे की, गुरुदेव."

राजगुरूंनी ओठ आवळले, हातात दर्भ घेतला आणि खड्या आवाजात हाक मारली. "राजसलक्ष्मी! महाराज हिरण्यसेनांची धर्मपत्नी! ये."

राणीनं मान वळवली नाही. ती नदीकडे बघत राहिली, आणि तिचे पाय घोट्यापर्यंत काळे, दगडी झाले.

"तिचा जीव मुलीत अडकला असेल," राजगुरू राजाच्या कानाशी लागले. "शब्द द्या, महाराज."

राजा पुढे झाला. "राणीसरकार, निश्चिंत जा. येत्या अमावास्येच्या आत कृत्तिकेचं लग्न लावून देतो."

पिंपळावरचं एक पानही हललं नाही.

"आबासाहेब," कृत्तिका म्हणाली, "तिला हे हवंय असं तुम्हाला कुणी सांगितलं?"

"आईला आणखी काय हवं असतं, बाळ?"

"तेच विचारतेय मी. काय हवं असतं?"

राजगुरू म्हणाले की मुलीच्या जिभेला धार आहे, लग्नाची घाई केलेलीच बरी. मग सगळे स्नान करून घरी गेले.

कृत्तिकेला रडायचं होतं. पण घाटावर रडल्यानं मृताला त्रास होतो असं तिला सकाळपासून इतक्या जणांनी बजावलं होतं, की रडू घशातच अडकलं. ती पायरीवर बसून राहिली. तेवढ्यात पांढऱ्या पिसाचा एक म्हातारा कावळा तिच्याजवळ येऊन बसला.

"राजकन्ये," तो म्हणाला, "आमच्यावर राग धरू नकोस. पोट आम्हालाही आहे. भाताकडे बघत उपाशी बसतो ते हौसेनं नाही."

"मग उतरत का नाहीस?"

"हाकेला ओ देऊन जीव पुढे झाला, तर आम्ही उतरतो. तुझी आई ओ देत नाही. तिला कुणी हाकच मारली नाही."

"आत्ताच तर मारली! अख्ख्या घाटानं ऐकली."

"राजसलक्ष्मी? लग्नात ताटातल्या तांदळांवर अंगठीनं लिहिलं होतं ते. कुणी तिला विचारून लिहिलं नव्हतं. मेल्यावर माणूस एकाच नावाला ओ देतो, जे त्याला स्वतःचं वाटतं त्यालाच. हाका तीन असतात. एक वाया गेली."

कृत्तिका उठून उभी राहिली. "हे तुम्ही वडीलधाऱ्यांना का नाही सांगितलंत?"

"रोज सकाळी सांगतो. त्यांना ती काव काव वाटते."

कृत्तिका तशीच राजाकडे गेली. राजा राणीच्या रिकाम्या पाटासमोर बसला होता.

"आबासाहेब, लग्नाआधी आईसाहेबांचं नाव काय होतं?"

राजानं खूप वेळ आठवून पाहिलं. "मांडवात आली तेव्हा राजसलक्ष्मीच होती."

"आणि तुम्ही घरात काय हाक मारायचात?"

"हाक कशाला मारावी लागायची? ती असायचीच इथे." राजाचा आवाज बारीक झाला. "कधी कधी 'ऐकलं का' म्हणायचो."

तिनं घोडा घेतला आणि ती आजोळच्या गढीवर गेली. गढीचा सरदार म्हणजे तिचा मामा, विजयकेतू. भाची दारात बघून तो गडबडला. त्यानं पाट मांडायला लावला, पाणी मागवलं.

"मामा, आईचं माहेरचं नाव सांगा."

"अगं, दिल्या घरची झाली ती. आता जुनं कशाला उकरायचं?"

"सांगा."

मामा पागोट्याशी चाळा करू लागला. "नकुशी," तो म्हणाला. "चौथी मुलगी ना ती. बारसं करायला कुणी बसलंच नाही. सुईण बाहेर येऊन म्हणाली, पुन्हा नकुशीच आली. तेच चिकटलं."

"आणि तुमचं बारसं?"

"माझं?" मामाचा चेहरा नकळत उजळला. "माझा पाळणा पंचधातूचा होता. पाच गावं जेवली."

कृत्तिका पाण्याला हात न लावता उठली. पण नाव मिळालं होतं. ती घाटावर परत आली. राणी तशीच उभी होती. 'नको असलेली' या अर्थाच्या नावानं आईला हाक मारायची, हे कृत्तिकेच्या जिभेवर निखाऱ्यासारखं बसलं. तरी तिनं डोळे मिटून हाक मारली.

"नकुशी!"

राणी दचकली. पाठीत कुणी धपाटा घालावा तशी तिची मान खाली गेली. तिनं ओ दिली नाही. पदर तोंडावर ओढला, आणि दगड तिच्या छातीपर्यंत चढला.

"दोन गेल्या," कावळा म्हणाला.

"हेही तिचं नव्हतं?"

"तिला विचारून तेही ठेवलं नव्हतं."

तेवढ्यात घाटावर एक मेणा येऊन थांबला. आतून मामी उतरली. धापा टाकत, पदर सावरत, तिनं आधी इकडे तिकडे कुणी पुरुष नाही ना ते बघितलं.

"पोरी, यांच्यासमोर बोलता येत नव्हतं गं. तू निघालीस आणि मला राहवेना. मी नवी सून होते तेव्हा तुझी आई एवढीशी होती. तिनं स्वतःला एक नाव ठेवलं होतं. त्याच नावानं हाक मारा म्हणून हट्ट धरायची. सगळे हसायचे. मीही हसले."

"कोणतं नाव?"

"तेच तर आठवत नाही. भांडारात जाऊन आली त्या दिवशी मीच तिला हळद लावली. म्हटलं, तुझं ते नाव काय गं? तर म्हणाली, कोणतं नाव, वहिनी? डोळे नुसते रिकामे. मला तेव्हा हायसं वाटलं होतं, की चला, पोर शहाणी झाली." मामीनं तोंडात पदर धरला. "मला आता हायसं वाटत नाही."

मेणा गेला. कृत्तिकेनं कावळ्याकडे पाहिलं.

"तिनं ती इच्छा सिद्धासमोर बोलून दाखवली," कावळा म्हणाला. "नाव त्या खड्यात आहे. खडा कानाशी धरला की बोलतो. पण भांडारात बाई एकदाच जाते, लग्नाआधी. तीन इच्छा खऱ्याच बोलाव्या लागतात. खोट्या बोललीस तर खडा पडत नाही आणि दार उघडत नाही. जे बोलशील ते मनातून जाईल. म्हणून जे आणायला चाललीस, ते बोलू नकोस."

कृत्तिका राजवाड्यात गेली आणि म्हणाली, "आबासाहेब, मी लग्नाला तयार आहे."

राजवाड्यात एकदम आनंद झाला. राजगुरूंनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. म्हाताऱ्या आत्या म्हणाल्या, बघा, आईच्या मागे पोर कशी सुधारली. शेजारच्या राज्याचा राजपुत्र ठरला. त्याचं नाव कृत्तिकेला कुणी सांगितलं नाही आणि तिनं विचारलंही नाही. अमावास्येला लग्न लागत नाही, पण राजाचा शब्द पाळायला राजगुरूंनी त्याच संध्याकाळचा मुहूर्त काढला. त्या दिवशी दुपारी तिला पिवळं वस्त्र नेसवून भांडाराच्या दाराशी नेलं. दार तिच्या मागे बंद झालं.

आत फळ्यांवर फळ्या होत्या आणि त्यांवर खडे. मधोमध व्याघ्रचर्मावर शून्यसिद्ध बसला होता. तुळतुळीत डोकं, मऊ आवाज, हातात फडका. तो एकेक खडा पुसून परत जागेवर ठेवत होता.

"बैस, बाळ," तो म्हणाला. "घाबरू नकोस. रिकामं झालं की फार शांत वाटतं. बोल, काय हवं?"

कृत्तिकेनं मनात धुंडाळलं. पहिलं जे हाताला लागलं ते लहानपणापासूनचं होतं. "मला समुद्र बघायचा आहे."

टप्पकन निळा खडा पडला. आणि कृत्तिकेला वाटलं, समुद्र म्हणजे काय, पुष्कळ पाणी. त्यात बघायचं काय?

"छान," सिद्ध म्हणाला. "आणखी काय हवं?"

"मला आईसाठी रडायचं आहे. रडू दिलं नाही."

पाण्यासारखा स्वच्छ खडा पडला. तिच्या घशातली गाठ सुटली. तिथे आता काहीच नव्हतं. आई आठवत होती, पण भिंतीवरच्या चित्रासारखी. कृत्तिकेला आयुष्यात पहिल्यांदा भीती वाटली. आता मनात एकच इच्छा उरली होती, आणि ती बोलली की ती इथे का आली हेच ती विसरणार होती.

"आणखी एक. मग तू मोकळी. बोल, काय हवं?"

कृत्तिका त्याच्या हातातल्या फडक्याकडे बघत राहिली.

"सिद्धमहाराज, तुम्हाला काय हवं?"

सिद्ध हसला. "मला? माझं नाव ऐकलं नाहीस? मला काही नको."

"मग रोज हे खडे कशाला पुसता?"

"धूळ बसते."

"बसू दे की. ज्याला काही नको, त्याला धुळीचं काय?"

"जास्त बोलू नकोस, मुली."

"का? मी बोलले तर तुमचं काय जातं?"

"तुम्ही सगळ्या बोलत राहिलात तर..." सिद्धाच्या मानेची शीर फुगली. इतक्या वर्षांत त्याला कुणी उलट प्रश्न केला नव्हता, त्यामुळे त्या जागेचा नियम तो स्वतःच विसरला होता. "मला तुम्ही गप्प हव्या आहात! जिवंतपणी गप्प आणि मेल्यावरही गप्प! एवढंच हवं मला!"

त्याच्या पुढ्यात धप्पकन एक खडा पडला. नारळाएवढा, राखेच्या रंगाचा, आणि कुरूप. सिद्धानं त्याच्याकडे बघितलं. हातातला फडका खाली पडला. त्याला काहीच हवंसं वाटेना, फडका उचलावासाही वाटेना. तो गुडघ्यांवर हात ठेवून बसून राहिला. भांडाराचा शाप त्याच्या इच्छेवर उभा होता. इच्छा गेली तसा शापही गेला, आणि दार आपोआप उघडलं.

बाहेर ऊन उतरायला लागलं होतं. कृत्तिका फळ्यांकडे धावली. एकेक खडा उचलून कानाशी धरू लागली. एक म्हणाला, मला झोपाळा हवा. एक म्हणाला, आणखी एक लाडू. एक म्हणाला, डोंगरापलीकडे काय आहे ते कुणी सांगा. एक म्हणाला, मला ते गणित पुन्हा एकदा समजावून सांगा, मला येईल. एक म्हणाला, मला लग्न नको, मला एकटीला राहू द्या. घाईघाईत तिच्या पायाखाली काहीतरी कचकन फुटलं. तिनं खाली बघितलं. निळी धूळ होती. ती कशाची ते तिला कळलं, पण वाईट वाटलं नाही, कारण वाईट वाटायला लागणारी इच्छाच त्या धुळीत होती.

दाराजवळच्या फळीवर एक तपकिरी, साधा खडा होता. त्याला कुणी मुकुटातही बसवलं नसतं. तो तिनं कानाशी धरला. लहान मुलीचा हट्टी आवाज आला. मला टिटवी म्हणा. टिटवी ओरडते तेव्हा तिला कुणी गप्प बस म्हणत नाही.

कृत्तिकेला सुपानं पाखडणारे आईचे हात आठवले. तिथे टिटव्या असतात का गं?

ती पिवळ्या वस्त्रात रस्त्यावरून धावत सुटली. मागून आत्या ओरडत होत्या, शिंदळ, मुहूर्त टळेल. ती थांबली नाही. घाटावर पोचली तेव्हा सूर्याची कड पाण्याला टेकली होती. दगड राणीच्या हनुवटीपर्यंत आला होता. कृत्तिकेनं वाटेतल्या एका घरातून घेतलेल्या ताज्या भाताचा पिंड पायरीवर ठेवला.

"टिटवी!"

राणीनं मान वर केली.

"ओ!" ती म्हणाली. आवाज एवढ्याशा पोरीचा होता. ती हसली, आणि कृत्तिकेला कळलं की हे हसणं आपण याआधी कधी ऐकलंच नव्हतं. हनुवटीपासून पायापर्यंत दगडाला तडा गेला. म्हातारा कावळा पिंपळावरून सुटला आणि त्यानं भातात चोच खुपसली. पायरी रिकामी झाली.

कृत्तिका कोरड्या डोळ्यांनी बघत राहिली. रडू भांडारात होतं.

दुसऱ्या दिवशी सिद्धाचा एक खडा सोडून तिनं सगळं भांडार रिकामं केलं. शाप गेल्यामुळे खडे आता बाहेरच्या वाऱ्याला लागले की विरघळत आणि ज्या बाईचे असत तिच्याकडे जात. राज्यात विचित्र दिवस उगवला. बायका हातातलं काम टाकून रस्त्यात उभ्या राहिल्या. कुणी झोपाळ्यासाठी दोर मागितला, कुणी पानावर बसून म्हणाली, आणखी वाढा. मामीला नवऱ्याला तोंडावर मूर्ख म्हणायचं होतं. ते तिनं म्हणून टाकलं. पण सगळ्यांचंच बरं झालं नाही. एका म्हातारीला तिची नाचायची इच्छा परत मिळाली आणि गुडघे मिळाले नाहीत. ती उंबऱ्यावर बसून दिवसभर आपल्या पायांना शिव्या देत होती. आणि पुष्कळ खडे हवेतच घुटमळून घाटाकडे गेले आणि धोंड्यांवर ओल होऊन बसले.

कृत्तिकेचा पाण्यासारखा खडाही तिच्याकडे आला. ती संध्याकाळपर्यंत रडली.

राजगुरू दरबारात म्हणाले, "हे आम्हाला कुणी आधी सांगितलं असतं, तर..."

"तुम्ही कुणाला विचारलं होतं?" कृत्तिकेनं विचारलं.

राजा सिंहासनावरून उतरला. त्याच्या मुकुटात खडे नव्हते, नुसती भोकं होती. "टिटवी," त्यानं एकदा हळूच म्हणून बघितलं. मग त्यानं आज्ञा दिली. मुलगी आपलं नाव सासरी घेऊन जाईल. आवडत नसेल तर स्वतः बदलेल. नकुशी हे नाव कुणी ठेवणार नाही. खिडक्यांची दगडमाती काढली गेली. राजपुत्राला निरोप धाडला. त्यानंतर बाई गेली की कावळे उतरू लागले, आणि नदीचं पाणी थोडं थोडं गोड होऊ लागलं. थोडंच.

कारण जुने धोंडे तसेच होते. हाका फक्त तीन, हा नियम दगड होण्याआधीचा. धोंड्याला कितीही हाका मारता येतात, असं कावळ्यानं सांगितलं. पण त्यांची नावं जाणणारं कुणी जिवंत नव्हतं.

कृत्तिका समुद्रावर गेली नाही. तिला जावंसं वाटलंच नाही. मिठाचे व्यापारी येतात, लाटांच्या गोष्टी सांगतात, आणि ती सभ्यपणे ऐकून घेते. रोज संध्याकाळी ती घाटावर जाते, धोंड्यांपुढे बसते आणि सुचतील ती नावं घेते. भिवरा. गोजरा. चिमणी. साळुंकी. अंबू. वीज. वाघीण. बहुतेक दिवस काहीच होत नाही. एखाद्या दिवशी कडेचा एखादा धोंडा थरथरतो, आतून बारीक आवाजात "ओ" येते, आणि पिंपळावरचा कावळा पंख उघडतो.

ही कथा ऐकून ज्याला झोप आली त्यानं खुशाल झोपावं. ज्याला आली नाही त्यानं आपल्या पणजीचं नाव आठवून बघावं. आठवलं, तर घाटावर घेऊन यावं. धोंडे अजून पुष्कळ आहेत.